आई-बाबांना घेऊन वाळवंटातली छोटी चढाई: विंड केव्ह, मेसा (ॲरिझोना)

मेतकूट | 24 मार्च

नमस्कार मंडळी,

आम्ही फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. सासू-सासरे पुण्याहून आलेत, मेअखेर परत जातील. बाबा 70 वर्षांचे. वीस वर्षं रोज पहाटे पर्वती चढायचा त्यांचा नेम. इथे आल्यापासून घराभोवतीच्या रस्त्याने चार फेऱ्या मारतात आणि दारात बूट काढता काढता "अगदी ताटासारखं सपाट गाव आहे तुमचं" असं रोज न चुकता म्हणतात. आई 65. चालतात व्यवस्थित, पण उतरताना डावा गुडघा कुरकुरतो. लेक नऊ वर्षांची. तिने 'गुहा' एवढाच शब्द ऐकलाय आणि वटवाघळं मोजायला वही काढून ठेवली आहे.

मेसाच्या ईशान्य टोकाला युझरी माउंटन रीजनल पार्क आहे, तिथल्या विंड केव्हला जायचा विचार आहे. एका बाजूने 1.6 मैल, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोमीटर. नवरा म्हणतो छोटीच आहे, सहज होईल.

बेत असा: एप्रिलचा तिसरा शनिवार. निवांत नाश्ता करून 10 ला निघायचं, 11 ला चढायला लागायचं, गुहेत बसून पोळीभाजी खायची, 2-3 पर्यंत घरी. गुहा किती खोल आहे? टॉर्च लागेल का? आईंना झेपेल का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

चँडलरकर | 24 मार्च

"निवांत नाश्ता करून 10 ला" हे आधी खोडा. बाकीचं मग बघू.

सह्यवेडा | 25 मार्च

अडीच किलोमीटरला चढाई म्हणतात होय अमेरिकेत? ;) आमच्याकडे एवढं तर एसटी स्टँडपासून पायथ्याला पोचायला चालतो. चढ किती आहे ते तरी सांगा.

चँडलरकर | 25 मार्च

चढ साधारण 800 फूट, म्हणजे 245 मीटर. सिंहगडाच्या पायवाटेच्या निम्म्याहून कमी. सह्यवेडा, आकड्यांत बघाल तर काहीच नाही, मान्य. पण सिंहगडावर धापा टाकत टेकलं की समोर ताक आणि कांदाभजी येते. इथे वाटेवर पाण्याचा थेंब नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. जे पाठीवर नेलंत तेवढंच.

मेतकूट, आता तुमच्यासाठी. या वाटेची एक गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. वाट पास माउंटनच्या पश्चिम उतारावर आहे. सूर्य उगवतो डोंगरामागून, त्यामुळे सकाळी बराच वेळ चढाचा भाग डोंगराच्याच सावलीत असतो. अकरा वाजता चढायला लागलात तर ती सावली केव्हाच आटलेली असेल, आणि उतरताना उन्हाचा मारा थेट अंगावर. म्हणजे त्याच दोन तासांत एक छान फिरणं आहे आणि एक शिक्षाही आहे. कोणतं हवं ते घड्याळ ठरवतं.

एप्रिलच्या मध्यात इथे सूर्य 6 च्या थोडा आधी उगवतो. फाटक 6 ला उघडतं (तरी आदल्या दिवशी वेळ पाहून घ्या). तुम्ही 6:30 ला पायवाटेवर असायला हवं. चँडलरहून अर्धा-पाऊण तास. एल्सवर्थ रस्ता धरून सरळ उत्तरेला गेलं की पार्कच लागतं. आम्ही गेलो तेव्हा गाडीमागे 7 डॉलर घेतले होते. गाडीत किती माणसं त्याचा हिशेब नाही, त्यामुळे आईबाबा फुकट. :)

मेतकूट | 25 मार्च

6:30?? शनिवारी? आमच्याकडे दोन माणसं आनंदाने तयार होतील, ती दोघंही साठीच्या पुढची. नवरा आणि लेक बंड करणार.

पण एप्रिलमध्ये इतकं ऊन असतं का? आत्ता तर हवा सुरेख आहे.

गारवा | 26 मार्च

सह्यवेडा यांचा प्रतिसाद वाचून मला माझंच जुनं थोबाड आठवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला माणूस. फीनिक्सला आलो तेव्हा पहिल्याच जूनमध्ये शहरातल्या एका टेकडीवर एकटा निघालो. सव्वा मैल चढ. सकाळचे साडेनऊ. बरोबर अर्ध्या लिटरची एक बाटली, कारण "सव्वा मैलाला काय लागतं". अर्ध्या वाटेपर्यंत मजेत होतो. विशेष म्हणजे घाम येत नव्हता! मला वाटलं, वा, कोरडी हवा, आपल्याला मानवते. कपाळावरून हात फिरवला तर कोरडं ठणठणीत, फक्त बोटांना बारीक वाळूसारखं काहीतरी लागलं. शर्टावर पांढरे नकाशे उमटले होते. ते मीठ होतं. घाम येतच होता, भरपूर येत होता, पण बाहेर पडल्या पडल्या उडून जात होता. पुण्या-मुंबईत अंगातून पाणी चाललंय हे निथळणारा घाम सांगतो. इथे सांगणारं कोणी नाही.

बाटली केव्हाच संपली होती. माथा समोर दिसत होता, दहा मिनिटांवर. माझी खाज अशी की माथा बघून परत कसं फिरायचं? पाच मिनिटं अजून चढलो. मग डोकं ठणकायला लागलं, आणि गंमत म्हणजे थंडी वाजल्यासारखे हातावर काटे आले. एका खडकाच्या वीतभर सावलीत डोकं घालून बसलो, अक्षरशः फक्त डोकं. खालून एक आजी येत होत्या, सत्तरीच्या तरी असतील, मूळच्या इथल्याच. त्यांनी काही न विचारता त्यांच्या पिशवीतली नळी माझ्या तोंडाशी धरली, मग मला उठवून समोर घालून खाली आणलं. त्यांचा स्वतःचा माथा त्या दिवशी राहिला. गाडीत बसून मी दोन तास थरथरत होतो.

म्हणून आमच्या घरचा नियम: पाणी अर्धं संपलं की पाय वळवायचे. माथा दहा मिनिटांवर असो नाहीतर दहा पावलांवर.

मेतकूट, एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे सरासरीने दुपारी तिशीच्या आसपास सेल्सियस. चाळिशीला टेकणारा दिवसही निघू शकतो. मे संपता संपता मग रोजची होळी. 2024 साली इथे सलग 113 दिवस दुपारचा पारा 100 फॅरनहाइटच्या खाली थांबला नाही, आणि 2023 मध्ये सलग 31 दिवस 110 किंवा त्याहून जास्त होता, म्हणजे 43 सेल्सियसच्या वर. कडक उष्म्याचा इशारा असेल त्या दिवशी फीनिक्स शहर कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा सकाळपासून संध्याकाळी 5 पर्यंत बंदच करतं. तुमचा बेत त्या मानाने सुखाचा आहे. फक्त घड्याळ सांभाळा.

सह्यवेडा | 26 मार्च

शब्द मागे घेतो. माथा समोर दिसत असताना परत फिरणं मला अजूनही जमत नाही, त्यामुळे तुमची ती खाज चांगलीच कळली.

आजीचा_बटवा | 26 मार्च

थोडक्यात लिहिते. सासू-सासऱ्यांपैकी कोणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. अशा गोळीने अंगातलं पाणी आणि क्षार आधीच कमी होतात. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

नुसतं पाणी ढोसत राहू नका, बरोबर खारट काहीतरी हवं. मीठ-साखरेचं लिंबू सरबत उत्तम. आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत राहा, सकाळी गाडीत एकदम लिटरभर प्यायल्याने फक्त पार्किंगमधल्या स्वच्छतागृहाची रांग वाढते.

मेतकूट | 26 मार्च

बाबा घेतात तशी गोळी! बरं झालं सांगितलंत. आज रात्रीच पुण्याच्या डॉक्टरांना फोन करते.

काटेकोर | 27 मार्च

कोणी काट्यांबद्दल कसं नाही बोललं अजून? हा माझा प्रांत.

कंगवा न्या. चेष्टा नाही. मोठ्या दातांचा, साधा प्लॅस्टिकचा. त्या वाटेच्या खालच्या भागात चोया नावाचे निवडुंग आहेत. त्यातला टेडी बेअर चोया लांबून मऊ लोकरीच्या गोळ्यासारखा दिसतो, सकाळच्या तिरप्या उन्हात तर चांदीसारखा चमकतो. लेकरांना हात लावायचा मोह होणारच. त्याच्या फांद्यांची पेरं नुसत्या चाटून गेलेल्या स्पर्शाने सुटतात आणि कापडाला, कातड्याला चिकटतात. लोक म्हणतात चोया उडी मारतो. उडी वगैरे काही नाही, तुम्हाला तो लागला हे तुम्हालाच कळलेलं नसतं एवढंच. काट्याच्या टोकाला डोळ्याला न दिसणारे उलटे दात असतात, त्यामुळे आत सहज जातो, बाहेर येताना मांस ओढतो. हाताने काढायला जाल तर तो हातही अडकतो. कंगवा पेर आणि कातडी यांच्या मधे सरकवायचा आणि झटक्यात बाहेर उडवायचं, समोर माणूस नाही ना बघून. उरलेले काटे चिमट्याने.

आता चांगली बाजू. एप्रिलमध्ये पालो व्हर्दे फुललेलं असेल. नावाचा अर्थच हिरवी काठी, कारण त्याचं खोडही हिरवं असतं. पानं इतकी बारीक की अन्न तयार करायचं काम खोडच करतं. बहरात सगळा उतार हळद सांडल्यासारखा होतो.

आणि सग्वारो. बाबांना घाई करू नका त्याच्यापाशी. त्याला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. दहा वर्षांचं रोप तुमच्या अंगठ्यापेक्षा लहान असतं, तेही बहुधा पालो व्हर्देच्या बुंध्याशी, सावलीत लपलेलं. दीडशे वर्षं सहज जगतो. अंगावरच्या उभ्या घड्या बघा, पेटीच्या भात्यासारख्या. पाऊस झाला की पाणी पिऊन भाता उघडतो, कोरड्यात मिटतो.

जाता जाता: आपल्या माळरानावरचा फड्या निवडुंग आणि बांधावरचा घायपात, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. तेव्हा बाबांना सांगा, गावाकडची मंडळी भेटतील.

भूगर्भ | 28 मार्च

लेकीच्या वहीबद्दल वाईट वाटतंय, पण खरं सांगायला हवं. ही गुहा नाही. टॉर्च घरी ठेवा.

मराठीत आपल्याकडे फार नेमके शब्द आहेत आणि आपण सगळ्याला 'गुहा' म्हणून टाकतो. माणसाने कोरलं ते लेणं. आत शिरत गेलं की अंधार लागतो ती गुहा. आणि कड्याच्या पोटात आडवी खाच पडून वरचा खडक छपरासारखा पुढे आलेला असतो ती कपार किंवा घळ. विंड केव्ह ही चांगली ऐसपैस कपार आहे. छत आहे, सावली आहे, समोर पूर्ण उघडं.

ती तिथेच का, तर पास माउंटन हा दोन मजली डोंगर आहे. खाली ग्रॅनाइट, शंभर कोटी वर्षांहून जुना. वर टफ, म्हणजे ज्वालामुखीची साचून घट्ट झालेली राख. खाली पार्किंगमधून वर बघितलंत तर कड्यावर एक फिकट पिवळसर पट्टा आडवा गेलेला दिसेल, तो राखेचा. दोन खडकांचा सांधा हा कायम दुबळा. झिरपणारं पाणी, तापणं-गार होणं, वारा, सगळ्यांनी मिळून त्या सांध्यावर डोंगर पोखरला. नावात श्रेय एकट्या वाऱ्याला मिळालंय.

आपल्या सह्याद्रीत लाव्ह्याचे थरावर थर आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथेही मऊ थर झिजून कठीण थराखाली कपारी होतात. म्हणजे खडक वेगळा, वय वेगळं, युक्ती तीच.

छताकडे बघा. भेगांमधून रॉक डेझी लोंबत असते, उलटी बाग. त्याच भेगांत मधमाश्याही असतात, तेव्हा बघणं शांतपणे.

वटवाघूळ | 28 मार्च

लेकीला खरी गुहा दाखवायची असेल तर कार्टश्नर कॅव्हर्न्स. टूसॉनच्या पुढे, बेन्सनजवळ. तुमच्याकडून अडीच तास धरा. चुनखडीची जिवंत गुहा, झुंबरं अजून वाढताहेत. बाहेर वाळवंट आणि आत 99 टक्के दमटपणा, कोकणात आल्यासारखं वाटतं. आतली ओल बाहेर जाऊ नये म्हणून एकामागोमाग बंद दारांतून आत सोडतात. 1974 साली दोन तरुणांना ती सापडली, आणि लोकांनी नासधूस करू नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. 1999 साली लोकांसाठी उघडली. चालायला सिमेंटची वाट, त्यामुळे आईंचा गुडघाही खूश. आगाऊ आरक्षण करा.

चँडलरकर | 28 मार्च

मधमाश्यांचं भूगर्भ यांनी ओझरतं लिहिलंय, मी जरा ठासून लिहितो. इथल्या रानटी मधमाश्या आफ्रिकी संकराच्या आहेत, 1993 पासून ॲरिझोनात. वाटेला गेलं नाही तर त्याही जात नाहीत. पण अत्तर, सुगंधी तेल लावून जाऊ नका, वर जाऊन आरडाओरडा नको, आणि कपारीत गुणगुण जास्त वाटली तर आत बसायचा हट्ट सोडा. चुकून उठल्याच तर हात न मारता चेहरा झाकून पळायचं, सरळ गाडीपर्यंत.

साप: एप्रिलमध्ये रॅटलस्नेक बाहेर पडलेले असतात. वाट सोडू नका. दगडावर हात टेकण्याआधी, बसण्याआधी त्याच्या मागे बघा. सह्याद्रीत पावसाळ्यात जेवढी काळजी घेतो तेवढीच.

आणि उतार. वाटेवर ग्रॅनाइटची भुकटी आहे, बारीक गोल खडी. पायाखाली ज्वारी सांडल्यासारखी. आईंना दोन काठ्या द्याच. कपारीनंतर पुढे माथ्याकडे एक पुसट वाट जाते, ती राखलेली नाही. बाबांना दाखवू नका.

मेतकूट | 29 मार्च

सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारित बेत फ्रिजवर चिकटवलाय: 5:30 ला घर सोडणे. माणशी दोन लिटर पाणी, लेकीला दीड. लिंबू सरबत, खारे दाणे, चिक्की, दशम्या-चटणी. कंगवा, चिमटा. काठ्या शेजारच्यांकडून. बाबांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. 9 वाजता जिथे असू तिथून परत.

लेकीला घळ म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मग नावात केव्ह का लिहिलंय? चीटिंग आहे."

सह्यवेडा | 29 मार्च

लेक आमच्यातली आहे.

मेतकूट | 21 एप्रिल

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

गाडी लावली 6:20 ला. पार्किंगमध्ये आमच्याआधी बऱ्याच गाड्या. हवा इतकी गार की आईंनी शाल सोडली नाही. चँडलरकर म्हणाले तसा डोंगर काळा उभा आणि त्याच्या कडेला मागून सोनेरी रेघ. आम्ही सावलीत, आणि मागे पश्चिमेला अख्खं खोरं मात्र उन्हात आलेलं. म्हणजे ऊन आपल्याकडे येताना दिसतं, पण पोचत नाही. हे मी कधी अनुभवलं नव्हतं.

पहिला पाऊण मैल जवळपास सपाट. तिथेच आमचा निम्मा वेळ गेला, कारण बाबा. काटेकोर, तुम्ही जे पेटीच्या भात्याचं लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं होतं. बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. पहिल्याच मोठ्या सग्वारोपाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दोन घड्यांमधल्या खोबणीत, काटे चुकवून, एक बोट घातलं आणि हळूच दाबून बघितलं. "घट्ट आहे. भाता भरलेला आहे." त्यानंतर प्रत्येक सग्वारोपाशी हीच तपासणी. एकाला सात हात होते, त्याच्या वयाचा हिशेब करताना 'हा शिवाजीनगर स्टेशनच्या आधीचा की नंतरचा' यावर बाप-लेकांत वाद. एकाच्या खोडात भोक होतं, त्यातून सुतारपक्ष्याने डोकं बाहेर काढून आमच्याकडे बघितलं आणि परत आत. पालो व्हर्देचा बहर उतरणीला लागला होता, तरी वाटेवर पिवळा सडा.

मग चढ सुरू झाला. नागमोडी वळणं, दगडी पायऱ्यांसारखे टप्पे. आई छान चढत होत्या. साधारण दोन तृतीयांश अंतर झाल्यावर एक ऐसपैस सपाट खडक लागला, त्याच्या मागे बघून (!) आई बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता इथून पुढे येणार नाही. पाय दुखत नाहीयेत. पण उतरायला मला तेवढेच पाय लागणार आहेत." पाणी अर्धं संपायच्या आत पाय वळवायचा गारवा यांचा नियम आईंनी स्वतःहून गुडघ्याला लावला. नवरा, लेक आणि बाबा पुढे गेले. मी आईंपाशी थांबले.

म्हणजे मंडळी, एवढा धागा काढून, सगळ्यांचं डोकं खाऊन, विंड केव्ह मी बघितलेलीच नाही. :)

पण त्या खडकावरचा पाऊण तास चांगला गेला. दशमीचा डबा उघडला. इथे पोळी दहा मिनिटं उघडी राहिली की खाकरा होते, म्हणून आईंनी दशम्या दुधात भिजवून, वर ओलसर फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. लसणाची चटणी, दाणे. खाली मेसाचे सरळ रेषांतले रस्ते, लांब फीनिक्सच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या. आई लग्नाआधी एनसीसीत होत्या आणि एकदा राजगडावर मुक्कामाला गेल्या होत्या, हे मला चौदा वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यांच्या वडिलांनी नंतर परत पाठवलं नाही म्हणे. येणारे-जाणारे सगळे थांबून त्यांना गुड मॉर्निंग म्हणत होते, आणि त्या प्रत्येकाला "पोचलात का?" असं मराठीत विचारत होत्या. दोघांनी तर होकारार्थी मानाही हलवल्या.

तिघं 8:40 ला परत आले. बाबांचा अहवाल: "शिवथर घळीच्या जातीतली आहे. धबधबा नाही, समर्थ नाहीत, पण बसायला ऐसपैस." छताला उलटी बाग आहे हे त्यांनी खास सांगायला लावलंय, भूगर्भ. मधमाश्या होत्या, कमी होत्या, यांनी कडेकडेनेच बसून पाणी प्यायलं आणि निघाले. लेकीचा अहवाल एका ओळीचा. तिच्या वहीत लिहिलंय: 'वटवाघळं 0. ही केव्ह नाही, ही गॅलरी आहे.' कार्टश्नरचं आरक्षण करावं लागणार.

पुढची पुसट वाट बाबांना दाखवायची गरज पडली नाही, त्यांनी आपणच शोधली. नवऱ्याने हात धरून आणले.

उतरताना ज्वारी खरंच सांडलेली होती. आई दोन काठ्यांवर, आडव्या पावलांनी, एकदाही घसरल्या नाहीत. घसरला तो नवरा. तोल सावरताना कोपर चोयाला लागलं आणि अख्खं पेर बाहीला लटकलं. कंगवा आईंच्या पर्समध्ये होता. त्यांनी लेकाला खडकावर बसवलं, "हलू नकोस" म्हणाल्या, आणि लहानपणी भांग पाडत असतील त्या सफाईने एका झटक्यात पेर उडवलं. उरलेले अकरा काटे चिमट्याने. लेकीने मोजले, वहीत नोंद आहे.

9:30 ला गाडीपाशी. डोंगराची सावली तेव्हा पार आकसली होती. गाडीतला पारा 81 फॅरनहाइट दाखवत होता, आणि आम्ही निघालो तेव्हा तीन मुलं हातात एकेक छोटी बाटली घेऊन चढायला लागली होती. बाबांनी काच खाली करून आमच्या उरलेल्या दोन बाटल्या त्यांना दिल्या.

गारवा | 21 एप्रिल

बाबांना माझा नमस्कार सांगा.

काटेकोर | 22 एप्रिल

अकरा म्हणजे स्वस्तात सुटले. कोपराला गाठ वाटली किंवा लाली वाढली तर दाखवून घ्या, तुटलेलं टोक आत राहतं कधी कधी.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सग्वारो भरात फुलतील, अगदी शेंड्याला पांढरी फुलं. रात्री उमलतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. म्हणजे परत पहाटेच. बाबा तोवर आहेत ना?

मेतकूट | 22 एप्रिल

आहेत. आणि कालपासून सारखे विचारताहेत की भाता फुलं यायच्या वेळी उघडतो की मिटतो. या वेळी सपाट भागातच फिरू, आईंनी तसं आधीच जाहीर केलंय. मी मात्र येत्या शनिवारी एकटी जाऊन ती गॅलरी बघून येणार आहे. कोणी चँडलरहून येणार असेल तर 5:30 ला निघतेय, कंगवा माझ्याकडे आहे.

चँडलरकर | 22 एप्रिल

मी आणि बायको येतो. दशम्या असतील का?